नातवाचा वाढदिवस आणि आजोबांची जन्मतारीख

१/
भंडारा-तुमसर रस्त्यावरील मोहाडीला एसटीने निघालेल्या आजोबांचे तिकीट किती, हे त्यांच्या वयावर ठरते. वयाची ६५ वर्षे पूर्ण असतील तर निम्मे भाडे. ७५ पूर्ण असतील तर २६ ऑगस्ट २०२२ पासून भाडेच नाही. नातवाच्या वाढदिवसाला निघालेल्या माणसाला वाहक प्रथम त्याच्याच जन्मतारखेचा पुरावा मागतो. #थ्रेड

२/
त्या पुराव्यावर बहुधा १ जुलै असते, १ जून असते किंवा नुसते वर्ष असते. नातवाच्या जन्माची मात्र तारीखच काय, मिनिटासह वेळही नोंदलेली असते. एका घरातील दोन पिढ्यांत हे अंतर कसे पडले आणि वाढदिवसासाठी गावी येण्याची रीत कधी शक्य झाली, याचा हा आढावा.

३/
वाढदिवस ही कल्पना इंग्रजांनी आणली, असा समज आहे. तो बरोबर नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’ या ग्रंथात वर्धापनविधी सांगितला आहे. जन्मतिथीला स्नान, कुलदेवतेचे आणि मार्कंडेय, अश्वत्थामा आदी चिरंजीवांचे पूजन, तीळ व गूळ घातलेले दूध प्राशन करणे, असे त्याचे स्वरूप आहे.

४/
धर्मशास्त्राच्या याच परंपरेत वर्षवृद्धीच्या दिवशी काय टाळावे, याचीही यादी आहे. नखे व केस कापू नयेत, मांसाहार, कलह, हिंसा करू नये आणि प्रवासही करू नये. ज्याचा वाढदिवस, त्याने घरी राहायचे. म्हणजे भेट घडायची असेल तर प्रवास इतरांनी करायचा. आजोबांची पिशवी भरली जाते, ती या अर्थाने जुन्या रिवाजाला धरूनच.

५/
परंतु हा विधी सर्वांच्या घरचा नव्हता. त्यासाठी जन्मतिथी लिहून ठेवलेली असावी लागे. त्यासाठी पंचांग, पत्रिका आणि दाराशी येणारा जोशी हवा. कुणबी, कोष्टी, पोवार, तेली, ढीवर, महार, गोंड अशा बहुसंख्य घरांत जन्म लक्षात राही तो कागदावाचून. अमुक पेरणी, अमुक पूर, अमुक लग्न, त्याच्या मागेपुढे.

६/
दरबारांत चित्र निराळे होते. अकबरापासून मोगल बादशहांची त्यांच्या वाढदिवशी तुला होत असे आणि तीही वर्षातून दोनदा, एकदा सौर गणनेने व एकदा चांद्र गणनेने. पुढे राणी व्हिक्टोरियाचा २४ मे हा जन्मदिवस सरकारी समारंभाचा झाला. ठरावीक तारखेचा वाढदिवस हिंदुस्थानातील सामान्य प्रजेने पाहिला, तो आधी राज्यकर्त्यांचा.

७/
गावाला वाढदिवस माहीत होते, ते देवांचे. रामनवमीला भर दुपारी आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री पाळणा हलतो. विसाव्या शतकात त्यात थोर पुरुषांच्या जयंतीची भर पडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची सार्वजनिक जयंती प्रथम साजरी झाली ती पुण्यात, १४ एप्रिल १९२८ रोजी. आज मोहाडी परिसरातील गावांत १४ एप्रिल हा बाहेरगावच्या माणसांना घरी आणणारा दिवस आहे.

८/
मग स्वतःच्या लेकराचा पहिला वाढदिवस का नव्हता? त्याचे उत्तर कठोर आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मध्य प्रांतात हजार जन्मांमागे दोनशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावत. आधीची मुले गेलेल्या घरात नव्या बाळाचे नाव धोंडू, दगडू, कचरू असे ठेवीत. काळाची नजर पडू नये म्हणून मूल टाकाऊ आहे असे भासवायचे. तेथे वर्षपूर्तीचा गाजावाजा कोण करणार?

९/
दुसऱ्या टोकाला आजोबांचीही खात्री नव्हती. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान सुमारे २० वर्षे होते. त्याचा अर्थ सगळेच विशीत मरत असा नव्हे. बालमृत्यूंनी ही सरासरी खाली ओढली होती. पण १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत व वऱ्हाडात धडधाकट तरुणही मोठ्या संख्येने नेले. आजोबा आणि नातू एकाच अंगणात असणे हेच भाग्य होते.

१०/
म्हणून जुने सोहळे वर्ष मोजत नाहीत, टप्पे मोजतात. पाचवी पूजली, बाळ पहिल्या धोक्यातून बाहेर. बारसे झाले, नाव मिळाले. उष्टावण झाले, अन्न पचू लागले. जावळ काढले. संक्रांतीला बोरन्हाण झाले. प्रत्येक टप्पा म्हणजे मूल अजून आहे, याची शांतपणे घेतलेली नोंद.

११/
आता प्रवासाकडे वळू. भंडारा हा तलावांचा आणि भाताचा जिल्हा. धानाच्या शेतीत पाऊस लागला की रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग मळणी. त्यानंतर ज्यांच्याकडे दुसरे पीक घेण्याइतके पाणी किंवा जमीन नाही, त्यांना काम शोधत बाहेर पडावे लागे. कोण केव्हा घरी असेल, हे या हंगामाने ठरवले होते.

१२/
बाहेर पडण्याची वाट रेल्वेने रुंद केली. मुंबईहून लोहमार्ग नागपूरला १८६७ मध्ये पोचला. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंद केला. वरठी येथील भंडारा रोड आणि देव्हाडी येथील तुमसर रोड ही मोहाडीकरांची दोन दारे याच मार्गावर आहेत.

१३/
या दारांतून माणसे कोठे गेली? नागपूरच्या गिरण्यांत. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली; व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले तो हाच दिवस. काही जवळच, तुमसर भागातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींत गेले. कित्येक घरे विड्या वळू लागली. आणि गावात हातमाग होतेच.

१४/
गेलेली माणसे परत येत ती तिथीने. पोळ्याला, नवरात्रात मोहाडीच्या चौंडेश्वरी मातेच्या दर्शनाला, दिवाळीला. आणि झाडीपट्टीत विशेष म्हणजे मंडईला. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी ही मंडई सर्वत्र एकाच दिवशी नसते. आज या गावची, उद्या पलीकडच्या गावची. त्यामुळे पाहुण्यांना एका फेरीत अनेक घरे गाठता येतात.

१५/
लेकी, जावई, नातवंडे आणि आजा-आजी यांची वर्षाची भेट अशी मंडईत होई. दिवसा बाजार, रात्री दंडार किंवा नाटक. नातू किती वर्षांचा झाला, हे मोजण्याचे माप ‘गेल्या मंडईला रांगत होता’ असे असे. त्या मापात तारखेची गरजच नव्हती. तारखेची गरज निर्माण केली, ती कचेरीने.

१६/
मध्य प्रांतात गावच्या जन्ममृत्यूची खबर ठेवण्याचे काम गावच्या चौकीदाराकडे, म्हणजे कोतवालाकडे होते. हे काम बहुधा महार समाजातील माणसाकडे असे. त्याच्याजवळ एक वही असे. गावातील साक्षर माणूस तीत नोंद करून देई आणि कोतवाल ती वही ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात नेई. हीच आजची ‘कोतवाल बुक’ किंवा ‘कोतवाल पंजी’.

१७/
या व्यवस्थेतील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याला शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती, त्याच्याच खांद्यावरून सगळ्या गावाचे जन्म सरकारदरबारी पोचत होते. त्याला स्वतः ती नोंद वाचता येत नसे. तरी पूर्व विदर्भातील लक्षावधी कुटुंबांचा लेखी इतिहास त्याच्या पायपिटीमुळे उरला आहे.

१८/
कोतवाल बुकातील जुन्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. बारसे व्हायचे असते. असते ते बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि तारीख. बापाला चार मुलगे असतील तर कोणती ओळ कोणाची, हे नंतर ताडून पाहावे लागते. आजोबांची खरी जन्मतारीख दप्तरात असूनही त्यांना ती ठाऊक नसते, याचे एक कारण हेच.

१९/
दुसरे कारण बाळंतपणाच्या रीतीत आहे. पहिले बाळंतपण माहेरी. त्यामुळे मोहाडीच्या माणसाच्या जन्माची ओळ मोहाडीच्या वहीत नसून आईच्या माहेरच्या गावच्या वहीत सापडते. ते गाव आज गोंदिया जिल्ह्यात असू शकते, कारण १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन झाले. कागद शोधणाऱ्याला आधी आजीचे, पणजीचे माहेर शोधावे लागते.

२०/
सीमा तर कित्येकदा बदलल्या. १९५० मध्ये मोहाडीत जन्मलेले मूल मध्य प्रदेशात जन्मले. त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गाव तेच, घर तेच. पूर्वी भंडारा तहसिलीत असलेले मोहाडी पुढे स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले. राज्य आणि कचेरी बदलत गेली, तसा दप्तराचा माग लांबत गेला.

२१/
मग १ जुलै आला कोठून? शाळेतून. पहिलीत नाव घालायला वय लागे आणि बापाला तारीख सांगता येत नसे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान हाताला लागला, की मूल सहा वर्षांचे. गुरुजी त्या हिशेबाने वर्ष धरीत आणि शाळेच्या नव्या सत्राजवळची तारीख टाकीत. कोठे १ जून, कोठे १ जुलै.

२२/
१ जूनला महाराष्ट्राचा ‘राष्ट्रीय वाढदिवस’ म्हणण्याची थट्टा यातूनच आली. गंमत अशी की ज्या एसटीने आजोबा येतात, तिचा १ जून मात्र खरा आहे. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. मोहाडी त्या वेळी मुंबई प्रांतात नव्हतेच.

२३/
तारखेचा गोंधळ केवळ सामान्यांच्या वाट्याला आला असे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, यावर दीर्घकाळ वाद चालला. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीने १६३० च्या बाजूला बळ दिले. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य शासनाने स्वीकारली ती २००१ मध्ये. तिथीने की तारखेने, हा प्रश्न आजही दोन जयंत्या साजऱ्या करवतो.

२४/
गुरुजींचा अंदाज निरुपद्रवी वाटतो. तो तसा नाही. सहाव्या वेतन आयोगाने वार्षिक वेतनवाढीची तारीख सर्वांसाठी १ जुलै केली. ज्याचा जन्म १ जुलैचा, तो सेवानियमानुसार ३० जूनला निवृत्त होतो. म्हणजे वर्षभर काम करूनही वेतनवाढ एका दिवसाने हुकते आणि निवृत्तिवेतन आयुष्यभर त्या प्रमाणात कमी राहते.

२५/
हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कर्नाटकातील एका प्रकरणात ११ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की वर्षभराच्या सेवेने कमावलेली वेतनवाढ केवळ दुसऱ्या दिवशी निवृत्ती आली म्हणून नाकारता येणार नाही. ज्यांची ही वेतनवाढ हुकली होती, त्यांत किती जणांची तारीख खरी आणि किती जणांची गुरुजींनी दिलेली, हे कोणत्याच निकालपत्रात लिहिलेले नसते.

२६/
जे शाळेतच गेले नाहीत, त्यांचे काय? देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिले गेले. ज्यांच्याकडे जन्माचा पुरावा नव्हता, त्यांचे अंदाजे वय घेऊन कार्डावर फक्त जन्मवर्ष छापले गेले. श्रावणबाळ योजनेसाठी वयाची ६५ वर्षे पूर्ण असावी लागतात. असा अंदाज दोन वर्षांनी चुकला, तर पात्र असूनही दोन वर्षे थांबावे लागते.

२७/
ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधार कार्डापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानला. कायद्याच्या दृष्टीने ते सुसंगत आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर जुन्या पिढीच्या बाबतीत कानाला हात लावून ठरलेले वय हाच अखेर अधिकृत पुरावा ठरतो.

२८/
आजीची स्थिती याहून अवघड. तिच्या पिढीतील अनेकींनी शाळा पाहिली नाही. जन्म एका गावी, लग्न दुसऱ्या गावी, लग्नानंतर बापाचे नाव जाऊन नवऱ्याचे आले, कित्येकींचे पहिले नावही बदलले. दप्तरात ती ‘अमक्याला मुलगी’ एवढीच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना निम्मे भाडे झाले, तेव्हा निम्म्या तिकिटासाठी तिला वय सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ७५ नंतरच्या मोफत प्रवासासाठी ती आजही आहे.

२९/
आता नातवाकडे या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने जन्माची खबर देणे सक्तीचे केले. त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. प्रसूती दवाखान्यात झाली, तर ही जबाबदारी दवाखान्याची. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. या मुलांच्या कानाला हात लावून कोणी वय ठरवणार नाही.

३०/
मूल जगण्याची खात्रीही आली. २०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू १६ होते. शंभर वर्षांपूर्वी दोनशेच्या वर. देशाचे सरासरी आयुर्मान सत्तरीला टेकले. मेणबत्त्या लावलेला केक ही अठराव्या शतकातील जर्मन रीत. पण तो कापण्याचे धैर्य ज्या खात्रीतून येते, ती लस, दवाखाना आणि पोटभर अन्न यांनी दिली.

३१/
म्हणजे नातवाच्या वाढदिवसाला आजोबांनी घरी येणे, ही साधी दिसणारी गोष्ट घडायला चार गोष्टी जुळाव्या लागल्या. मूल जगले पाहिजे. आजोबाही जगले पाहिजेत. तारीख निश्चित हवी. आणि त्या तारखेला गाठता येईल अशी गाडी हवी. मोहाडीच्या बहुतेक घरांत या चारही गोष्टी एकत्र आल्या त्या स्वातंत्र्यानंतर, गेल्या दोन-तीन पिढ्यांत.

३२/
हे सर्व ऐकून वाटेल की नातवाचा कागद पक्का आणि आजोबांचा कच्चा. प्रत्यक्षात नातवाचा हक्क आजोबांच्या कच्च्या कागदावर उभा असतो. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी मानीव दिनांकापूर्वीचे पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

३३/
या दिनांकांना नातू नव्हता, बहुधा बापही नव्हता. होते ते आजोबा किंवा पणजोबा. त्यामुळे अभियांत्रिकीच्या किंवा वैद्यकीयच्या प्रवेशाच्या वेळी सगळे घर शोधू लागते ती कोतवाल बुकातील नाव नसलेली ओळ, किंवा गुरुजींनी १ जुलै टाकलेला आणि जातीचा रकाना भरलेला दाखला. तारीख कल्पित असली तरी जातीची नोंद आणि रहिवास यासाठी तोच कागद ग्राह्य.

३४/
आजोबांकडचे कागद जीर्ण असतात. घडीवर फाटलेले, वाळवीने खाल्लेले, कधी पुरात भिजलेले. वैनगंगेच्या खोऱ्यात ही भीती दर पावसाळ्याची. ते गेले तर परत मिळवण्यासाठी तहसील कचेरी, जुने पोलीस ठाणे, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर असे दरवाजे ठोठवावे लागतात. नोंद कोणत्या गावची, हे सांगू शकणारा माणूसच गेला असेल, तर कोणता दरवाजा ठोठवावा हेही कळत नाही.

३५/
म्हणून वाढदिवसाला आजा-आजी घरी आले, की पुढील गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात. जन्म कोणत्या गावी झाला? आईचे माहेर कोणते? पाठची, पोटची भावंडे किती, कोणत्या क्रमाने? पहिली शाळा कोणती? जन्म कोणत्या घटनेच्या मागेपुढे: गांधीजींच्या हत्येच्या साली, १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेच्या आधी की नंतर, पेरणीत की मळणीत?

३६/
या उत्तरांवरून कोतवाल बुकातील बरोबर ओळ शोधता येते आणि नकलेसाठी अर्ज करता येतो. क्वचित असेही निष्पन्न होते की आजोबांचा जन्म १ जुलैचा नसून ऐन मंडईच्या दिवसांतला आहे. ती तारीख सापडली, तर त्या घरात पुढच्या वर्षी साजरे करण्याजोगे वाढदिवस दोन होतील.